आयर्लंडची श्रीमंती कोणत्या मापाने मोजायची? जीडीपी, जीएनआय की जीएनआय स्टार

१२ जुलै २०१६ रोजी आयर्लंडच्या केंद्रीय सांख्यिकी कार्यालयाने जाहीर केलं, की आदल्या वर्षी देशाची अर्थव्यवस्था २६.३ टक्क्यांनी वाढली. तोवर अंदाज होता ७.८ टक्क्यांचा. डब्लिनच्या दुकानदाराला किंवा कॉर्कच्या शेतकऱ्याला २०१५ मध्ये आपल्या आजूबाजूला असं काही घडल्याची गंधवार्ता नव्हती. अमेरिकी अर्थतज्ज्ञ पॉल क्रुगमन यांनी त्याच दिवशी या प्रकाराला ‘लेप्रिकॉन इकॉनॉमिक्स’ म्हटलं. लेप्रिकॉन म्हणजे आयरिश लोककथांमधला, सोन्याचा हंडा लपवून बसणारा बुटका. नाव चिकटलं ते चिकटलंच.

गोम अशी, की आकडा खोटा नव्हता. आंतरराष्ट्रीय नियम काटेकोर पाळूनच तो काढला होता.

त्यामुळे ‘दरडोई उत्पन्नात जगातले पहिले पाच देश’ छापाची यादी फॅमिली ग्रुपवर आली आणि तिच्या जोरावर कुणी काही ठरवायला निघालं, तर आधी विचारावं लागतं: कोणतं उत्पन्न? मग ठरवायची गोष्ट डब्लिनची नोकरी असो, आयरिश सरकारच्या कर्जरोख्यांतली गुंतवणूक असो, नाहीतर स्पर्धा परीक्षेच्या निबंधात टाकायचं उदाहरण. एकाच देशाची निदान पाच मापं आहेत आणि त्यांची उत्तरं एकमेकांशी जुळत नाहीत.

समजा, मालवणला एका मुंबईकराने रिसॉर्ट बांधलं. कमाई मालवणात होते, म्हणून ती मालवणच्या जीडीपीत, म्हणजे सकल देशांतर्गत उत्पादनात, धरली जाते. नफा मुंबईला जातो. तो वजा केला की उरतं ते मालवणचं जीएनआय (सकल राष्ट्रीय उत्पन्न), म्हणजे तिथल्या लोकांचं स्वतःचं उत्पन्न. पूर्वी रत्नागिरीला ‘मनीऑर्डरवर चालणारा जिल्हा’ म्हणत. तिथे गणित उलटं होतं, गावात पिकायचं कमी आणि हातात यायचं जास्त. (हिशेबनीस म्हणतील, मनीऑर्डर वेगळ्या खात्यात जाते. बरोबर आहे, पण दिशा लक्षात यायला उदाहरण पुरतं.) आयर्लंड हे रत्नागिरीचं दुसरं टोक: वहीत उत्पादन भलंमोठं, घरात राहणारं उत्पन्न त्याहून पुष्कळ कमी.

मालवणचं नाव उगाच घेतलेलं नाही. लिओ वराडकर यांच्या वडिलांचं घराणं मालवण तालुक्यातल्या वराड गावचं. ते जून २०१७ मध्ये आयर्लंडचे पंतप्रधान झाले आणि त्यानंतर महिन्याभरात त्या देशाने जीएनआय स्टार हे आपलं घरचं माप पहिल्यांदा प्रसिद्ध केलं. दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही, तारखांचा योगायोग तेवढा आहे.

जीडीपी आणि जीएनआय: २०१५ मध्ये नेमकं काय झालं

बहुराष्ट्रीय कंपन्यांनी आपली पेटंटं, सॉफ्टवेअरचे हक्क अशी बौद्धिक संपदा आयर्लंडमधल्या उपकंपन्यांच्या नावावर आणली. कंपन्यांची नावं कार्यालयाने गोपनीयतेच्या कायद्यामुळे सांगितली नाहीत. अभ्यासकांनी बोट दाखवलं ते मुख्यतः ॲपलच्या फेररचनेकडे. एका वर्षात देशाच्या भांडवली साठ्यात सुमारे ३०० अब्ज युरोंची भर पडली. एकही कारखाना न बांधता. या हक्कांवर जगभर होणारी कमाई आता आयर्लंडच्या खात्यात दिसू लागली. चीनमध्ये कंत्राटावर बनलेला आणि तिथूनच ग्राहकाकडे गेलेला मालसुद्धा, मालकी आयरिश कंपनीची असली तर, आयर्लंडची निर्यात ठरतो.

नफा बाहेर जातो ना, मग जीएनआय काढलं की झालं, असं वाटेल. मलाही पहिल्यांदा तसंच वाटलं होतं. पण २०१५ मध्ये सकल राष्ट्रीय उत्पादनही (जीएनपी, म्हणजे जीएनआयचंच सख्खं भावंड) १८.७ टक्क्यांनी फुगलं. कारण आहे घसारा, म्हणजे मालमत्तेची झीज म्हणून दरवर्षी हिशेबात धरायची रक्कम. जीडीपी आणि जीएनआय दोन्हींत ‘सकल’ हा शब्द आहे. सकल म्हणजे घसारा वजा न केलेलं. पेटंटवर कंपनी दरवर्षी मोठा घसारा लावते, त्याने तिचा निव्वळ नफा आक्रसतो आणि परदेशी मालकाच्या नावे बाहेर जाणारी रक्कमही लहान दिसते. घसाऱ्याइतकी रक्कम मात्र आयर्लंडच्या आकड्यात तशीच बसून राहते. पेटंट परक्याचं, झीजही त्याचीच, मोठा दिसतो तो आयर्लंड.

जीडीपी कशाला वापरायचा, तर युरोपीय संघाचे नियम वाचायला. तूट ३ टक्क्यांच्या आत आणि कर्ज ६० टक्क्यांच्या आत, या मर्यादा जीडीपीवरच मोजतात. जीएनआयचा उपयोग संघाच्या अंदाजपत्रकातली वर्गणी समजायला. ती बऱ्याच अंशी जीएनआयवर ठरते, म्हणजे फुगलेल्या आकड्याची किंमत आयर्लंड रोखीत मोजतो.

जीएनआय स्टार

२०१६ च्या फजितीनंतर आयर्लंडच्या मध्यवर्ती बँकेचे तेव्हाचे गव्हर्नर फिलिप लेन (आता युरोपीय मध्यवर्ती बँकेचे मुख्य अर्थतज्ज्ञ) यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. तिच्या शिफारशींतून हे माप आलं. जीएनआयमधून तीन गोष्टी वगळायच्या: आयात झालेल्या बौद्धिक संपदेचा घसारा, भाड्याने दिलेल्या विमानांचा घसारा आणि फक्त मुख्यालय आयर्लंडला हलवलेल्या कंपन्यांचा नफा.

यातलं विमानांचं प्रकरण आपल्या ओळखीचं आहे. जगातल्या भाड्याच्या विमानांपैकी निम्म्याहून अधिक विमानांचा कारभार आयर्लंडमधून चालतो आणि भारतीय विमान कंपन्या त्यांच्या मोठ्या गिऱ्हाईक आहेत. मुंबईहून नागपूरला जाताना तुम्ही ज्या विमानात बसता, ते कागदोपत्री डब्लिनमधल्या एखाद्या कंपनीचं असण्याची शक्यता बरीच आहे. त्याची झीज आयर्लंडच्या जीडीपीत मोजली जाते, मग त्या विमानाने आयर्लंडचं आकाश कधी पाहिलेलं नसलं तरी.

२०२३ चे ढोबळ आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहू. हे आकडे दरवर्षी थोडे दुरुस्त होतात, प्रमाण तेच राहतं.

| | जीडीपी धरून | जीएनआय स्टार धरून |
|---|---|---|
| अर्थव्यवस्थेचा आकार | सुमारे ५१० अब्ज युरो | सुमारे २९० अब्ज युरो |
| दरडोई | सुमारे ९६ हजार युरो | सुमारे ५५ हजार युरो |
| सरकारी कर्ज | सुमारे ४३ टक्के | सुमारे ७६ टक्के |
| एकूण सरकारी खर्च | सुमारे २३ टक्के | सुमारे ४० टक्के |

त्या वर्षी जीडीपी घटला आणि जीएनआय स्टार वाढला. म्हणजे देश मंदीत आहे की तेजीत, हेसुद्धा माप कोणतं यावरच ठरत होतं.

सरकारी खर्चाची दिशाभूल

माझ्या मते सर्वांत जास्त फसवणूक इथे होते. तक्त्याच्या शेवटच्या ओळीतले २३ टक्के घेऊन कुणीही लिहू शकतं, की आयर्लंडने सरकार आटोपशीर ठेवलं म्हणून तो श्रीमंत झाला. युरोपीय संघात सरकारी खर्चाचं सरासरी प्रमाण जीडीपीच्या निम्म्याच्या आसपास आहे. त्याच्याशेजारी २३ म्हणजे चमत्कारच. पण जो पैसा आयरिश लोकांच्या हातात कधी आलाच नाही, त्याने भागून काढलेलं हे प्रमाण आहे. ४० टक्के धरले तर आयर्लंड युरोपातला एक साधारण, किंचित काटकसरी देश दिसतो. आरोग्याचंही तसंच. २०२२ मध्ये आरोग्यावरचा एकूण खर्च जीडीपीच्या ६ टक्क्यांच्या आसपास होता आणि जीएनआय स्टारच्या ११ टक्क्यांच्या. पहिला आकडा म्हणतो आयर्लंड आरोग्यावर हात आखडता घेतो, दुसरा म्हणतो सढळ हाताने खर्च करतो. रोखे घेणाऱ्याने तक्त्यातली कर्जाची ओळ पुन्हा वाचावी: एका मापाने देश ६० टक्क्यांच्या मर्यादेत आरामात बसतो, दुसऱ्याने ती केव्हाच ओलांडून गेलेला असतो.

गंमत म्हणजे खुद्द आयरिश सरकारही सोयीने माप निवडतं. ‘फ्यूचर आयर्लंड फंड’ या बचत निधीत २०२४ ते २०३५ दरवर्षी किती टाकायचे, हे कायद्याने ठरलं आहे: जीडीपीच्या ०.८ टक्के. इथे मात्र फुगलेला आकडा चालतो. बचतीसाठी असल्यामुळे मी त्यांना माफ करून टाकलं आहे.

जीएनआय स्टारलाही डोळे झाकून मान डोलवू नये. त्याचं मोठं वैगुण्य असं, की बहुराष्ट्रीय कंपन्यांनी भरलेला कर त्यातून वगळलेला नाही, कारण तो खरोखरच सरकारच्या तिजोरीत आला आहे. देशाचा एकूण कंपनी कर २०१४ मध्ये ४.६ अब्ज युरो होता, २०२३ मध्ये २३.८ अब्ज. त्यातला निम्म्याहून अधिक फक्त दहा बडे करदाते भरतात. २०२३ मध्ये सरकारी हिशेबात सुमारे ८ अब्ज युरो शिल्लक दिसली, पण अर्थखात्याच्याच अंदाजानुसार ‘अचानक लाभलेला’ कर बाजूला काढला तर शिलकीच्या जागी तूट येते. दहांपैकी दोन कंपन्यांनी उद्या पेटंटं दुसरीकडे हलवली, तर रुग्णालयांचे आणि शिक्षकांचे पगार कशातून द्यायचे, याचं उत्तर जीएनआय स्टार देत नाही. सरकारचं या कंपन्यांवर अवलंबून असणं किती, हे ॲपलच्या खटल्यात दिसलं. थकीत कराचे १३ अब्ज युरो ॲपलकडून वसूल करा, असा आदेश युरोपीय आयोगाने २०१६ मध्ये दिला, तर आम्हाला ते पैसे नकोत म्हणून आयर्लंड सरकारच न्यायालयात गेलं. सप्टेंबर २०२४ मध्ये ते हरलं आणि नको असलेले पैसे घ्यावे लागले.

नॉर्वेशी तुलना

घरचं वेगळं माप ठेवणारा आयर्लंड एकटा नाही. नॉर्वे तेल, वायू आणि समुद्री वाहतूक वगळून ‘मुख्य भूमीचा जीडीपी’ काढतो आणि अंदाजपत्रकाची चर्चा त्यावरच करतो. त्या मापाने तिथला सरकारी खर्च ६० टक्क्यांच्या पुढे जातो. पण नॉर्वेने मापाला शिस्तीची जोड दिली: तेलाचा सरकारी पैसा आधी निधीत जातो आणि अंदाजपत्रकात दरवर्षी निधीच्या साधारण ३ टक्केच काढायचे. २०१७ पर्यंत ही मर्यादा ४ टक्के होती. आयर्लंडमध्ये अचानक आलेला कर वर्षानुवर्षं रोजच्या खर्चात मिसळला गेला; निधी उशिरा सुचला. शिवाय नॉर्वेचं तेल नॉर्वेच्याच समुद्राखाली आहे. आयर्लंडचं ‘तेल’ परक्या कंपनीच्या वकिलाच्या फायलीत आहे. दोन्हींच्या रोख्यांमध्ये निवड करणाऱ्याने हा फरक व्याजदराइतकाच मनावर घ्यावा.

वाढीचा वेग पाहायचा असेल तर

जीएनआय स्टार वर्षातून एकदाच येतो. दर तिमाहीला नजर ठेवायची तर ‘सुधारित देशांतर्गत मागणी’ पाहावी. लोकांचा उपभोग, सरकारी खर्च आणि गुंतवणूक यांची ही बेरीज. त्यातून विमानं आणि आयात पेटंटं वगळलेली असतात. २०२५ च्या पहिल्या तिमाहीत जीडीपी आधी ३.२ टक्क्यांनी वाढल्याचं सांगितलं, जूनमध्ये तोच आकडा ९.७ टक्के झाला. अमेरिकेच्या आयातशुल्काच्या धास्तीने औषध कंपन्यांनी घाईने माल पाठवला होता. या एकट्या देशाच्या आकड्यामुळे अख्ख्या युरो क्षेत्राची वाढ फुगून ०.६ टक्के दिसली. देशांतर्गत मागणी त्या तिमाहीत एक टक्काही वाढली नव्हती.

आणि राहायला जाणार असाल तर

२०२२ च्या जनगणनेत आयर्लंडमध्ये ४५ हजारांहून अधिक भारतीय नागरिक मोजले गेले. त्यांच्यात भर घालायचा विचार असेल, तर वरची चारही मापं बाजूला ठेवा. तुमच्या कामाचं माप म्हणजे प्रत्यक्ष दरडोई उपभोग: लोक घरासाठी, खाण्यासाठी खर्च करतात ते आणि सरकार आरोग्य, शिक्षणाच्या रूपाने देतं ते, सगळं महागाईचा फरक काढून. दरडोई जीडीपीत आयर्लंड युरोपीय संघाच्या सरासरीच्या दुप्पट आहे. या उपभोगात तो सरासरीच्या आसपास रेंगाळतो.

ऑफर लेटरमधला पगार बघताना तिथल्या वस्तू आणि सेवा संघाच्या सरासरीपेक्षा सुमारे ४० टक्के महाग आहेत, हे धरून चाला. डब्लिनमध्ये भाड्याच्या घरांची टंचाई हा तिथला रोजचा राजकीय प्रश्न आहे, त्यामुळे आधी भाड्याचा आकडा मिळवा, मग पगाराशी घासाघीस करा. सोबत जोडीदार येणार असेल तर भाड्याच्या शेजारी पाळणाघराची फीसुद्धा लिहून ठेवा.