अलेक्स पीपीएल: इथे इंटिग्रेशनला कोणी विचारत नाही

अमेरिकेतल्या विद्यापीठात इंजिनिअरिंग, कॉम्प्युटर सायन्स किंवा इकॉनॉमिक्सला प्रवेश पक्का झाला की उन्हाळ्यात एक मेल येतो: ओरिएंटेशनच्या आत मॅथ प्लेसमेंट, म्हणजे गणिताच्या कुठल्या कोर्सला बसायचं ते ठरवणारी परीक्षा, देऊन टाका. बऱ्याच विद्यापीठांत ही परीक्षा म्हणजे मॅकग्रॉ हिलची अलेक्स पीपीएल. बारावीला गणितात पंचाण्णव पडलेली मुलं ‘बेसिकच तर आहे’ म्हणत रात्री जेवणानंतर बसतात, तासाभरात उरकतात आणि साठ-पासष्टवर अडकतात. कॅल्क्युलस वनला, म्हणजे तिथल्या पहिल्या कॅल्क्युलस कोर्सला, बहुतेक ठिकाणी पंचाहत्तर-ऐंशीच्या आसपास लागतात. तेवढे नसले तर आधी प्रीकॅल्क्युलस हा पूर्वतयारीचा कोर्स, म्हणजे एक सेमिस्टर आणि त्याची डॉलरमधली फी. फिजिक्ससाठी कॅल्क्युलस लागत असेल तर तेही पुढे ढकललं जातं.

गोची अशी की या परीक्षेत डेरिव्हेटिव्ह नाही आणि इंटिग्रेशनही नाही. अपूर्णांकांपासून सुरुवात होते आणि लॉगरिदम-त्रिकोणमितीपाशी हद्द संपते. आपल्याकडे जे आठवी ते अकरावीत होतं आणि सीईटी-जेईईच्या धबडग्यात विसरलं जातं, नेमकं तेच ती तपासते.

रचना हुशार आहे. अलेक्सचा उगम कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन कॅम्पसवरचा, आणि पाया 1985 साली दुआनिओं आणि फाल्माञ या संशोधकांनी मांडलेल्या ‘नॉलेज स्पेस’ सिद्धांताचा. एखाद्याला वर्गसमीकरण सोडवता येतं तर त्याला अवयव पाडता येत असणार, असे दुवे यंत्रणेला माहीत असतात. त्यामुळे तीनशेहून जास्त घटकांचा अंदाज ती जास्तीत जास्त 30 प्रश्नांत बांधते, आणि पुढचा प्रश्न आधीच्या उत्तरावरून ठरतो. गुण 0 ते 100, पण ते बरोबर उत्तरांची टक्केवारी नव्हेत. एकूण घटकांपैकी किती तुम्हाला येतात याचा तो अंदाज आहे. एखादी चूक ती पोटात घालते, पण एकाच भागात दोन-तीन वेळा घसरलात तर पूर्ण भागावर काट बसते.

पर्याय निवडायचे प्रश्न फारसे नसतात, उत्तर स्वतः टाइप करावं लागतं. अपूर्णांक, वर्गमूळ, घातांक यांची बटणं बाजूच्या पट्टीत असतात. घातांक लिहून झाल्यावर कर्सर खाली आणायचा राहिला की पुढचं सगळंच घातांकात जातं. स्वतःचा कॅल्क्युलेटर चालत नाही. ज्या प्रश्नाला परवानगी आहे तिथे स्क्रीनवरच एक उगवतो. कोरे कागद आणि पेन मात्र भरपूर घेऊन बसा.

आपल्या मुलांचे गुण कुठे जातात ते सांगण्यासारखं आहे. पहिलं, पायची (π) किंमत. वर्तुळाचं क्षेत्रफळ म्हटलं की हात आपोआप 22/7 कडे जातो. प्रश्नात 3.14 वापरा असं लिहिलेलं असतं. त्रिज्या 7 असेल तर 22/7 ने 154 येतं, 3.14 ने 153.86. पहिलं उत्तर इथे चूक. दुसरं, लॉग. बारावीच्या कॅल्क्युलसमध्ये आपण नुसतं लॉग लिहितो तेव्हा पाया ई धरलेला असतो. तिथे नुसता लॉग म्हणजे पाया 10, आणि पाया ई असेल तर एलएन (ln). येणारं गणित निव्वळ सवयीने जातं. तिसरं, आलेख. अन्वस्त काढायला सांगतात तेव्हा शिरोबिंदू, त्याच्या डावीकडे दोन आणि उजवीकडे दोन असे पाच बिंदू ठेवायचे, आणि मग वक्र काढायचं बटण दाबायचं. पाचही बिंदू अचूक ठेवून ते बटण विसरणारे कमी नाहीत. त्यांचं उत्तर अपुरं राहतं.

शब्दांकित उदाहरणांत मैल, गॅलन आणि औंस येतात, नाण्यांच्या गणितात क्वार्टर (25 सेंट), डाइम (10) आणि निकेल (5). आधी एकदा पाहून ठेवलं की झालं. उत्तर पूर्णांकयुक्त अपूर्णांकात हवं की अंशाधिक, राउंड कुठपर्यंत करायचं, हे प्रश्नातच दिलेलं असतं. मधल्या पायऱ्यांत राउंड करू नका ही सूचना मात्र शब्दशः पाळायची.

‘मला येत नाही’ असं बटण आहे. ज्या घटकाची ओळखच नाही तिथे ते बिनधास्त दाबा. तुक्का लागला तर पुढचा प्रश्न आणखी अवघड येतो आणि वेळ वाया जातो. थोडं विसरलेलं असेल तर मात्र कागदावर पाच मिनिटं घाला.

खरी किंमत वसूल होते ती पहिल्या प्रयत्नानंतर. निकालासोबत एक पाय चार्ट येतो: रॅशनल एक्स्प्रेशन किती भरलं, ट्रिगनॉमेट्री किती रिकामी. त्यावरून सरावाचं मॉड्यूल उघडतं, बहुधा सहा महिन्यांसाठी. प्रयत्न साधारण पाचपर्यंत मिळतात, पण अनेक विद्यापीठं दोन प्रयत्नांत 48 तासांचं अंतर आणि मॉड्यूलमध्ये ठरावीक तास घालवण्याची अट घालतात. शेवटच्या आठवड्यात सुरू करणाऱ्याच्या हाती त्यामुळे जेमतेम दोनच प्रयत्न लागतात. मॉड्यूलमधली स्पष्टीकरणं कोरडी आहेत, पायऱ्या दाखवतात पण कारण क्वचितच सांगतात. एखादा घटक डोक्यात शिरत नसेल तर नववी-दहावीचं आपलं बीजगणिताचं पुस्तक जास्त उपयोगी. बहुपदीच्या भागाकाराला संश्लेषक पद्धत येत असेल तर तिथे निम्मा वेळ वाचतो.

खर्च बहुतेक विद्यापीठं स्वतः उचलतात. जिथे विद्यार्थ्याकडून घेतात तिथे तो 25 डॉलरच्या घरात असतो. मॉड्यूल धरून तेवढ्याला माल चांगला आहे. एकाच बैठकीच्या परीक्षेपेक्षा ही न्याय्य वाटते, कारण पडलं त्याच ठिकाणी उठायला जागा आहे. टायपिंगची कटकट आणि कोरडं शिकवणं यांचा दीड तारा कापून पाचपैकी साडेतीन.

घरून विनादेखरेख परीक्षा असेल तर दादाला शेजारी बसवायचा मोह होतो. त्या गुणांवर कॅल्क्युलस वनला बसणारा दादा नसतो, आणि काही ठिकाणी अंतिम प्रयत्न देखरेखीखालीच ग्राह्य धरतात. अशा वेळी परीक्षेदरम्यान दुसरं काही उघडू न देणारा रिस्पॉन्डसचा लॉकडाउन ब्राउझर आधी उतरवून घ्यावा लागतो, वेबकॅमसमोर ओळखपत्र धरावं लागतं, लॅपटॉप फिरवून खोली दाखवावी लागते. ऑफिसचा लॅपटॉप घेऊ नका, त्यावर इन्स्टॉलच होऊ देत नाहीत. वायफायचा राउटर इन्व्हर्टरवर आहे का तेही आदल्या दिवशी बघा: लाइट गेल्यावर लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो, राउटर बंद पडतो.