बोटीची मैलाटाकी घरीच उपसणारा मॅसरेटर पंप: दोन हंगामांच्या वापरानंतर

ट्रेलरवरून घरी आणता येणाऱ्या लहान बोटीची मैलाटाकी शक्यतो धक्क्यावरच्या उपसा केंद्रातच रिकामी करावी, असे माझे मत आजही आहे. पण ते केंद्र बंद असले की भरलेली टाकी बोटीबरोबर घरी येते, आणि ६० लिटरची टाकी म्हणजे जवळपास ६० किलो वजन असल्याने ती उचलून ओतण्याचा विचारही करता येत नाही. त्यासाठी मी १२ व्होल्टवर चालणारा, हातात धरून नेता येणारा मॅसरेटर पंप घेतला.

या पंपात आधी फिरती पाती मैला आणि कागद यांचा बारीक लगदा करतात आणि मग रबरी इम्पेलर, म्हणजे पात्यांचे फिरते चाक, तो लगदा पुढे ढकलतो. शोषणाची बाजू दीड इंची असली तरी बाहेर पडणारी नळी एक इंची चालते, कारण तिच्यातून जाणाऱ्या मैल्यात गोळे उरलेलेच नसतात. टाकीपासून ड्रेनेजच्या चेंबरपर्यंतचे अंतर बऱ्यापैकी असले तरी ही हलकी नळी एकट्या माणसाला ओढत नेता येते, आणि माझ्या दृष्टीने पंपाचा सर्वांत मोठा गुण हाच. माझी टाकी पाच मिनिटांच्या आत रिकामी होते. पंप सुमारे १५ अँपिअर वीज घेतो, म्हणजे एका वेळी सव्वा अँपिअर-तासही खर्च होत नाही. मात्र लांब आणि बारीक वायर जोडल्यास व्होल्टेज पडून मोटर मंदावते, म्हणून बॅटरी पंपाजवळच ठेवावी.

माझी खरी तक्रार पंप टाकीच्या डेकवरच्या (बोटीच्या वरच्या पृष्ठभागावरच्या) तोंडाला जोडण्याच्या भागाबद्दल आहे. पंपासोबत रबरी शंकू मिळाला होता, जो तोंडावर हाताने दाबून धरावा लागतो. हात जरा हलला की हवा शिरते, शोषण तुटते आणि पंप कोरडा फिरू लागतो. कोरडा फिरलेला इम्पेलर काही क्षणांतच तापून खराब होतो. पहिला इम्पेलर मी असाच गमावला. त्यानंतर डेकच्या तोंडात आट्यांनी घट्ट बसणारा जोड वेगळा घेतला आणि ही अडचण पूर्ण संपली. उत्पादकाने तो मुळातच द्यायला हवा होता.

उपसा सुरू करण्यापूर्वी टाकीची हवानळी मोकळी आहे ना, हे पाहणे अत्यंत आवश्यक आहे. ती तुंबलेली असेल तर पंप टाकीतच निर्वात निर्माण करतो आणि प्लास्टिकची टाकी आत ओढली जाऊन तडकू शकते. आणखी एक गोष्ट अनुभवाने कळली: परतीच्या प्रवासाआधी टाकीत थोडे पाणी घातले, तर रस्त्यावरच्या हिंदकळण्यामुळे तळाशी बसलेला गाळ सुटतो आणि पंपाचे काम निम्मे होते. उपशानंतर दोनदा स्वच्छ पाणी भरून तेही याच पंपाने काढावे. हे पाणी भरताना नळाच्या नळीचे टोक टाकीच्या तोंडात बुडवू नये, कारण नळाचा दाब अचानक गेला तर घाण पाणी पिण्याच्या पाण्याच्या वाहिनीत ओढले जाऊ शकते. या कामाच्या नळ्या वेगळ्या रंगाच्या घेऊन कायमच्या वेगळ्या ठेवाव्यात. हातमोजे आणि चष्मा घालावा, आणि बंद जागेत हे काम मुळीच करू नये, कारण टाकीत साठणारा हायड्रोजन सल्फाइड विषारी आहे.

मैला चेंबरमध्ये सोडण्याची परवानगी आहे का, याची चौकशी आपापल्या सांडपाणी विभागाकडे आधी करावी; पावसाच्या पाण्याच्या गटारात तर तो कधीही सोडू नये. घराला सेप्टिक टँक असेल, तर मी हा पंप घेण्याची शिफारस सरसकट करणार नाही. फॉर्मल्डिहाइड असलेले दुर्गंधीनाशक बोटीत वापरले असेल, तर सेप्टिक टँकमधले मैला कुजवणारे जिवाणूच त्याने मरतात, आणि समुद्राच्या पाण्याने फ्लश करणाऱ्या बोटीतले मीठही त्यांना सोसत नाही.

पंप उघडायला चारच स्क्रू आहेत, त्यामुळे दुसरा इम्पेलर मी स्वतःच बसवला. तो पूर्ण हंगाम टिकला आणि अजून लवचीक आहे.