बोअरचं पाणी कोमट लागतंय? साधी तपासणी, आयसोटोप की ट्रिशियम

चोपड्याकडे उनपदेवच्या गरम झऱ्याच्या आसपास बोअर मारला अन पाणी कोमट लागलं की पहिला प्रश्न एकच, हे झऱ्याचंच पाणी आहे का वरून सातपुड्यातून झिरपत आलेलं. तपासण्या तीन आहेत पण तिघी वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतात, म्हणून पैसे भरायच्या आधी आपल्याला नेमकं काय विचारायचंय ते ठरवा.

साधी केमिकल तपासणी सगळ्यात स्वस्त. गरम पाण्यात खडकातलं सिलिका जास्त विरघळतं, त्यामुळे सिलिका जास्त निघालं तर खालून आलेल्या गरम पाण्याचा संशय घ्यायला जागा आहे. क्लोराइडवर मात्र आपल्याकडे एकट्यावर भरवसा ठेवू नका, केळीला आपण जे म्युरेट ऑफ पोटॅश टाकतो त्यात क्लोराइडच असतं, अन ते झिरपून वरच्या विहिरीत उतरतं.

पाणी आलं कुठून हे विचारायचं असेल तर स्टेबल आयसोटोप, म्हणजे पाण्यातल्या ऑक्सिजन-१८ (जड ऑक्सिजन) अन ड्युटेरियम (जड हायड्रोजन) यांचं प्रमाण. ढग डोंगर चढतात तसं जड पाणी आधी पडून जातं, म्हणून उंचावर पडलेला पाऊस हलका असतो, दर १०० मीटरला ऑक्सिजन-१८ साधारण ०.१५ ते ०.५ पर मिलने (हजारात इतका भाग) कमी होतं, आणि थंड जमिनीत शिरल्यावरही ही खूण टिकते. धरणाचं, कालव्याचं पाणी उन्हात वाफ होऊन जड झालेलं असतं. ऑक्सिजन-१८ आडवं अन ड्युटेरियम उभं धरून आलेख काढला तर क्रेग या शास्त्रज्ञाने १९६१ मध्ये मांडलेली पावसाची रेषा ८ च्या उताराची, वाफ झालेलं पाणी ४ ते ६ च्या उताराने तिच्यापासून बाजूला सरकतं, त्यामुळे कालव्याची गळती ओळखायला याच्यासारखं दुसरं काही नाही.

पण एक अडचण आहे अन ती आधीच समजून घ्या. खूप तापलेल्या जागी खडक पाण्याशी ऑक्सिजनची अदलाबदल करतो, मग ऑक्सिजन-१८ वाढतं अन ड्युटेरियम जवळपास तिथंच राहतं. कमी तापलेल्या झऱ्यात हे फारसं घडत नाही, पाणी पावसाच्या रेषेवरच बसतं, म्हणून एकट्या आयसोटोपवरून उष्णता कळत नाही, सिलिका लागतंच.

ट्रिशियम म्हणजे हायड्रोजनचा किरणोत्सर्गी प्रकार, तो पाण्याचं वय सांगतो, अर्धायुष्य (निम्मा उरायला लागणारा काळ) १२.३ वर्षं. अजिबात सापडलं नाही तर पाणी १९५० च्या दशकातल्या अणुचाचण्यांच्या आधीचं असू शकतं. खर्चिक आहे, शेवटी करा.

माझं मत विचाराल तर आधी केमिकल, मग आयसोटोप, आणि नमुना नुसता बोअरचा नको, झरा, कालवा, शेजारची विहीर अन पावसाळ्यातला पाऊस पण घ्या, नाहीतर तुलना कशाशी करणार? बाटली काठोकाठ भरायची, आत हवेचा बुडबुडा राहू द्यायचा नाही अन झाकण घट्ट, वाफ झाली की नमुना गेला.