जुन्या गाडीचे मीटर आणि घड्याळ: दुरुस्ती, आतला बदल की नवा संच?

क्लासिक गाडीच्या डॅशबोर्डवरचे काटे चुकू लागले की समोर तीन वाटा असतात. मूळ मीटर उघडून दुरुस्त करून घ्यायचा. तबकडी, काटा आणि काच मूळचीच ठेवून आतली यंत्रणा इलेक्ट्रॉनिक करायची. किंवा त्याच भोकात बसणारा नवा संच घ्यायचा. बरेच जण अख्ख्या डॅशबोर्डसाठी एकच वाट धरतात आणि तिथेच फसतात. स्पीडोमीटरला जे लागू पडते ते ॲमीटरला (करंट मोजणाऱ्या मीटरला) पडत नाही, आणि घड्याळाचे गणित या दोघांपेक्षाही निराळे. निर्णय एकेका मीटरपुरता घ्यावा.

बिघाड नक्की मीटरमध्येच आहे का?

पेट्रोलचा आणि टेंपरेचरचा काटा एकाच वेळी जास्त दाखवू लागले, तर दोन मीटर एकदम बिघडलेले नसतात. बहुतेक वेळा या दोन्ही मीटरना ठरावीक व्होल्टेज देणारा व्होल्टेज स्टॅबिलायझर गेलेला असतो. साठच्या दशकातल्या अनेक ब्रिटिश गाड्यांत तो सरासरी १० व्होल्ट देतो, त्या काळातल्या अमेरिकन फोर्डमध्ये सुमारे ५. आतली द्विधातू पट्टी (दोन धातूंची जोडपट्टी) तापते, वाकते, संपर्क सोडते आणि पुन्हा जोडते. पट्टी तापवणारी तार अर्थवर, म्हणजे गाडीच्या धातूच्या सांगाड्याशी असलेल्या जोडणीवर, चालते. डॅशबोर्ड नव्याने रंगवला आणि स्टॅबिलायझरच्या स्क्रूखाली रंग राहिला की अर्थ तुटते, संपर्क सुटतच नाही आणि मीटरना थेट १२ व्होल्ट मिळतात. आधी धातू घासून अर्थ नीट करा. तरीही फरक पडला नाही तर त्याच व्होल्टचा इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलायझर बसवा. हे काम नव्या संचाच्या तुलनेत अगदी किरकोळ आहे, आणि एवढ्यावर भागले तर पुढचा खर्च टळतो.

स्पीडोमीटर: मूळचा दुरुस्त करणेच सहसा बरे

केबलवर चालणाऱ्या स्पीडोमीटरमध्ये फिरणारे चुंबक ॲल्युमिनियमच्या वाटीला ओढते आणि केसासारखी बारीक स्प्रिंग तिला रोखून धरते. यात झिजण्यासारखे फार थोडे असते. काटा थरथरतो तो बहुधा केबलमुळे: केबल कुठेतरी पिळलेली असते किंवा १५ सेंटीमीटरपेक्षा कमी त्रिज्येत वळवलेली असते. केबलला ग्रीस फक्त खालच्या दोन तृतीयांश भागालाच लावावे. वरपर्यंत लावले की ते पिळत पिळत मीटरमध्ये चढते, वाटीला चिकटते, आणि मग काटा हवा तेव्हा परत येत नाही.

वेग चुकीचा दिसतो तेव्हा दोष अनेकदा मीटरचा नसून बदललेल्या टायरचा किंवा डिफरन्शियलच्या गुणोत्तराचा असतो. स्मिथ्स या ब्रिटिश मीटर कंपनीच्या मैलवाल्या तबकडीच्या तळाशी १२८० किंवा १००० असा आकडा छापलेला असतो. तो म्हणजे एका मैलात केबलने घ्यायचे फेरे. तपासणी सोपी आहे. केबल मीटरकडून सोडवा, तिच्या टोकाला पुठ्ठ्याचा बाण चिकटवा, गिअर न्यूट्रलला ठेवून गाडी सरळ १६.१ मीटर ढकला आणि फेरे मोजा. हे अंतर मैलाचा शंभरावा भाग आहे, म्हणून फेऱ्यांना १०० ने गुणा. तबकडीवर १२८० असून मोजणी १४०० आली, तर मीटर सुमारे ९ टक्के जास्त दाखवतो. अशा वेळी केबलच्या मध्ये बसणारी गुणोत्तर बदलणारी छोटी गिअरपेटी पुरते, किंवा मीटरच नव्याने कॅलिब्रेट करून (खऱ्या वेगाशी जुळवून) घेता येतो.

इलेक्ट्रॉनिक स्पीडोमीटर घ्यायचे खरे कारण एकच: पाच गिअरचा नवा गिअरबॉक्स, ज्याला केबलची जागाच नाही. मग पल्स सेंडर (गिअरबॉक्सच्या फेऱ्यांवरून विजेचे ठोके पाठवणारा) की जीपीएस? पल्स सेंडर गाडी हलताच आकडा देतो, पण तो एकदा कॅलिब्रेट करावा लागतो. जीपीएसला कॅलिब्रेशन लागत नाही. मात्र गाडी चालू केल्यावर उपग्रह सापडेपर्यंत काटा शून्यावर बसतो आणि लांब बोगद्यात निरुपयोगी ठरतो. रोजच्या वापरासाठी पल्स सेंडर निवडावा.

पेट्रोलचा काटा: मीटर आणि सेंडर ही जोडी आहे

नवा संच बसवल्यावर सर्वाधिक पश्चात्ताप इथे होतो. मीटर हा टाकीतल्या सेंडरचा (तरंगत्या हाताने पातळी टिपणाऱ्या भागाचा) ओहममधला रोध वाचतो, आणि प्रत्येक घराण्याचा रोध वेगळा. जुनी फोर्ड: रिकामी टाकी सुमारे ७३ ओहम, भरलेली सुमारे १०. साठच्या दशकाच्या मध्यानंतरची जनरल मोटर्स: रिकामी ०, भरलेली ९०. व्हीडीओ (जर्मन मीटर कंपनी): रिकामी १०, भरलेली १८०. बाजारात मिळणारे अनेक अमेरिकन मीटर: रिकामी २४०, भरलेली ३३. फोर्डच्या सेंडरवर व्हीडीओचा मीटर जोडला तर टाकी काठोकाठ भरलेली असताना काटा ‘रिकामी’वर टेकतो. हा बिघाड नव्हे, जोडी चुकलेली असते.

म्हणून मीटर मागवण्याआधी सेंडर बाहेर काढा, तरंगता हात खाली, मध्ये आणि वर धरून मल्टिमीटरने तीन वाचने घ्या आणि लिहून ठेवा. मूळ मीटर चालू स्थितीत असेल तर तो ठेवणे शहाणपणाचे. द्विधातूचा मीटर सावकाश हलतो, म्हणून पेट्रोल हिंदकळले तरी काटा नाचत नाही. नवा मीटर घ्यायचाच असेल तर त्याला जुळणारा सेंडर सोबतच घ्या, किंवा रोधाची श्रेणी निवडता येणारा मीटर घ्या.

ऑइल प्रेशर आणि टेंपरेचरचे थोडक्यात. नळीवाला ऑइल मीटर अचूक असतो, पण नळी चिरली तर गरम तेल थेट केबिनमध्ये येते. प्लास्टिकची जुनी नळी असेल तर ती बदलल्याशिवाय गाडी चालवू नये. इलेक्ट्रिक सेंडर बसवताना आट्यांना टेफ्लॉन टेप गुंडाळू नका. एका वायरचा सेंडर आट्यांतूनच अर्थ घेतो. टेंपरेचरच्या मीटरची केशनलिका (केसासारखी बारीक नळी) तुटली किंवा दुमडली तर आतला द्रव जातो, आणि ती पुन्हा भरून घेणे हे तज्ज्ञाचेच काम.

ॲमीटर: इथे जुने सोडावे

मूळपणाची कितीही ओढ असली तरी हा एक मीटर बदलावा, निदान बॅटरी चार्ज करणारा जुना डायनॅमो काढून जास्त करंट देणारा अल्टरनेटर बसवला असेल तर नक्कीच. स्टार्टर सोडून गाडीचा जवळजवळ सगळा करंट ॲमीटरमधून जातो. २२ अँपिअरच्या डायनॅमोसाठी ३०-०-३० चा (दोन्ही बाजूंना ३० अँपिअरपर्यंत दाखवणारा) ॲमीटर ठीक होता. ४५ किंवा ६० अँपिअरच्या अल्टरनेटरपुढे त्याचे नट आणि जोड तापतात. एखादा सैल जोड डॅशबोर्डमागे आग लावू शकतो. पर्याय म्हणजे व्होल्टमीटर, शक्यतो मूळ तबकडीच्या ढंगाचा. ॲमीटरच्या दोन जाड वायर मात्र नुसत्या सोडू नका, गाडीचा पुरवठाच बंद पडेल. त्या नट-बोल्टने एकत्र घट्ट आवळा आणि इन्सुलेट करा. व्होल्टमीटरला इग्निशननंतरची, फ्यूजमधून आलेली वेगळी वायर द्या. इंजिन बंद असताना सुमारे १२.६ आणि चालू असताना १३.८ ते १४.४ दिसले पाहिजे.

टॅकोमीटरबाबत (इंजिनचे फेरे दाखवणाऱ्या मीटरबाबत) फक्त इग्निशन पाहा. कॉइलच्या वायरचा वेढा घेऊन करंट मोजणारे जुने स्मिथ्स मीटर इलेक्ट्रॉनिक इग्निशनसोबत अनेकदा उड्या मारतात किंवा थांबतात. त्यांच्यात नवा बोर्ड बसवून घेणे हा उत्तम मधला मार्ग: तबकडी तीच, आणि सिग्नल कॉइलच्या ऋण टोकाकडून.

घड्याळ

अनेक जुनी घड्याळे बॅटरीवर चालत नाहीत, बॅटरी त्यांना फक्त चावी देते. दर एक-दोन मिनिटांनी पॉइंट (विजेचे संपर्क) जुळतात, कॉइल एक वजनदार हात झटक्याने फेकते, स्प्रिंग ताणली जाते आणि पॉइंट सुटतात. बॅटरी उतरली की झटक्याला जोर राहत नाही, पॉइंट जुळलेलेच राहतात आणि कॉइल जळते. उभ्या राहिलेल्या गाड्यांची घड्याळे अशीच मरतात.

दुरुस्तीत पॉइंट बारीक पॉलिश पेपरने साफ करणे, जुने घट्ट झालेले तेल धुऊन घड्याळाच्या तेलाचा सुईच्या टोकाएवढा थेंब देणे आणि कॉइल तपासणे, एवढे येते. काही घड्याळांत डाकाचा (सोल्डरचा) फ्यूज असतो, तो कमी तापमानाला वितळणाऱ्या डाकानेच जोडावा. साध्या डाकाने जोडला तर तो वेळेवर वितळणार नाही. वीज जोडताच एक स्पष्ट ‘टक’ ऐकू यायला हवी. आली नाही तर लगेच तोडा.

क्वार्ट्झमध्ये बदलल्यास वेळ अचूक मिळते आणि कॉइलची भीती जाते. पण टिकटिक आणि तो झटका जातो, आणि सेकंदकाटा असेल तर तो सरकण्याऐवजी उड्या मारू शकतो. गाडी आठवड्यातून दोनदा तरी चालत असेल तर मूळ घड्याळ दुरुस्त करावे. महिनोन्महिने उभी राहत असेल तर क्वार्ट्झ. मूळ यंत्रणा फेकू नका, तेल लावून पिशवीत जपून ठेवा. गाडीची अर्थ बॅटरीच्या धन टोकाला जोडलेली असेल तर साधे कॉइलवाले घड्याळ चालते, पण क्वार्ट्झचा बोर्ड, इलेक्ट्रॉनिक मीटर आणि टॅकोमीटर त्या ध्रुवतेसाठीच बनलेले हवेत, नाहीतर पहिल्याच क्षणी जळतील.

उघडण्याआधी

फार जुन्या तबकडीवर चमकणारा रंग असेल तर तो खरवडू नका, घासू नका. त्यात रेडियम असू शकते. चमक गेली म्हणून किरणोत्सार गेलेला नसतो. रेडियमचा अर्धायुष्यकाल सुमारे १६०० वर्षांचा आहे, विझतो तो फक्त त्यातला झिंक सल्फाइड. धोका श्वासातून जाणाऱ्या धुळीचा. असा मीटर बंदच ठेवून जाणकाराकडे द्यावा.

दिव्यांत एलईडी घालताना चार्जिंगचा लाल दिवा तेवढा वगळा. अल्टरनेटर जागा होण्यासाठी लागणारा करंट त्याच २.२ वॉटच्या बल्बमधून जातो. तिथे एलईडी लावली तर चार्जिंग सुरूच होत नाही, आणि दोष मात्र नव्या अल्टरनेटरवर येतो. डॅशबोर्डचे दिवे मंद करणाऱ्या जुन्या रिओस्टॅटने एलईडी नीट मंद होत नाही, तिला वेगळा डिमर लागतो.