वीजबिल थकवू, कार्ड ओढू की पाटली ठेवू? आधी शेकडा विचारा

नाशिकच्या सिडकोतल्या आमच्या घरी फ्रिजवर एक चुंबक आहे. भरायची बिलं त्याच्याखाली. गेल्या वर्षी अंबडच्या कंपनीत ह्यांचा ओव्हरटाइम बंद झाला आणि महिन्याला साडेसहा हजार कमी यायला लागले. तिसऱ्या महिन्यात चुंबकाला कागदांचं वजन पेलेना, सगळा गठ्ठा घसरून खाली आला.

त्या महिन्यात मी एक चूक केली. लाइट कापतील या धास्तीनं आधी १,८४० रुपयांचं वीजबिल भरलं आणि ५ तारखेच्या हप्त्याला खात्यात नऊशे कमी पडले. हप्ता परतला. आमच्या बँकेनं ५९० कापले, कर्ज देणाऱ्यांनी वेगळे ५९०. वीजबिल उशिरा भरलं असतं तर सव्वा टक्का आकार लागला असता, म्हणजे २३ रुपये. तेवीस वाचवायला गेले आणि ११८० घालवले.

निफाडकडचे आमचे आजोबा द्राक्षाच्या औषधासाठी उधारी काढताना एकच विचारायचे, "शेकडा काय?" शंभर रुपयांना महिन्याला किती व्याज, एवढंच. अडचणीत असाल तर बिल थकवण्याचा शेकडा आणि पैसे उचलण्याचा शेकडा एकाच कागदावर मांडा. वर्षाचे टक्के, प्रोसेसिंग फी, "फक्त अमुक रुपये रोज" असल्या भाषेत डोकं चालत नाही. शेकड्यात चालतं.

आधी थकवण्याची बाजू. वीजबिलाचा शेकडा सव्वा, तोही एकदाच. पुढे थकबाकीवर व्याज सुरू होतं. वीज कायदा २००३ च्या कलम ५६ प्रमाणे जोडणी तोडण्याआधी १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. म्हणून एखादा महिना सरकवता येतं. सवय लावायची नाही.

घरपट्टीचं उलट आहे. "बघू मार्चला" हा आपला ठरलेला कार्यक्रम. थकलेल्या घरपट्टीवर महिन्याला २ टक्के शास्ती चढते, म्हणजे शेकडा दोन, आणि ती थांबत नाही. बँकेतलं सोनेतारण याच्या निम्म्यात पडतं. शाळेच्या फीला बहुतेक ठिकाणी शेकडाच नसतो, पण तोंड उघडावं लागतं. मी दोन ओळींचा अर्ज दिला, तीन हप्ते मिळाले. मुख्याध्यापकांसमोर उभं राहताना जिवावर आलं होतं, ते सोडा.

कर्जाचा हप्ता मात्र शक्य तोवर चुकवू नये. १ एप्रिल २०२४ पासून बँकांना दंडव्याज लावता येत नाही, फक्त दंड आकारता येतो आणि त्या दंडावर व्याज चढवता येत नाही. तेवढा दिलासा आहे. पण हप्ता परतल्याचे पैसे दोन्हीकडून जातात, सिबिलवर, म्हणजे आपल्या कर्जफेडीच्या नोंदीवर, डाग पडतो आणि ९० दिवस थकलं की खातं एनपीएत, म्हणजे बँकेच्या थकीत-बुडीत यादीत, जातं. जमणार नसेल तर तारखेच्या आधी शाखेत जाऊन लेखी सांगा. तारीख उलटल्यावर गेलं की साहेबांचा सूर बदलतो. आणि "सेटलमेंट करून टाका", म्हणजे थोडे भरून कर्ज मिटवा, असं फोनवरचा माणूस गोड बोलला तरी घाई नको. सिबिलमध्ये 'सेटल्ड' असा शेरा राहतो आणि पुढचं कर्ज मागताना तो आडवा येतो.

आता उचलण्याची बाजू. आमची सहा महिन्यांची तूट जवळपास ४० हजार होती, तीच धरते.

एफडी असेल तर पहिला हात तिथेच घाला. ती मोडायची नसेल तर तिच्यावरच कर्ज मिळतं, साधारण एफडीच्या दरापेक्षा एक-दोन टक्के जास्त दरानं, आणि एफडीचं व्याज चालूच राहतं. व्याजानं उचलायचा तर यापेक्षा स्वस्त पैसा सहसा मिळत नाही. तरी लोक "एफडीला हात लावायचा नाही" म्हणतात आणि कार्ड घासतात. मला याचा उलगडा आजवर झालेला नाही.

कंपनीतून उचल घेतली तर शेकडा शून्य, पण पुढच्या पगाराला तेवढीच कात्री लागते. एका महिन्याच्या खड्ड्याला ठीक, सहा महिन्यांच्या नाही. भिशीत आपला नंबर आधी मागून बघावा. चिठ्ठ्यांची भिशी असेल तर फुकट. बोलीची असेल तर गरजवंतच जास्त तोडून उचलतो, तेव्हा तोही हिशेब शेकड्यात करा.

क्रेडिट कार्डाबद्दल जरा थांबून सांगते, कारण घसरण इथेच होते. व्याजदर बहुतेक महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे शेकडा चारच्या वर. ४० हजार थकले तर पहिल्या महिन्याचं व्याज १,४०० आणि जीएसटी २५२. 'मिनिमम ड्यू' ५ टक्के धरला तर २,००० भरायचे. दोन हजार भरून मुद्दल हललं किती? ३४८ रुपये. शिवाय बाकी राहिली की नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते. दूध-किराणा कार्डावर घेतला तरी त्या दिवसापासून मीटर सुरू. एटीएममधून कार्डानं रोख काढणं त्याहून वाईट, तिथे शुल्क वेगळं. मिनिमम भरून एक महिना निभावतो, दुसऱ्या महिन्याला कार्ड कपाटात.

पतसंस्था शेकडा सव्वाच्या आसपास देते. सभासद व्हा, शेअरचे पैसे कापून घ्या, दोन जामीनदार आणा. कागद कमी, माणसं ओळखीची. घोळ जामीनदारांचा आहे. कर्ज थकलं तर सहकार कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला निघतो आणि तो जामीनदारालाही लागू पडतो. सातपूरला असलेल्या मेव्हण्यांना सही मागायची म्हणून मी संस्थेच्या दारापर्यंत गेले आणि परत आले. नात्याचा शेकडा कुठल्या कागदावर मांडणार?

राहिलं सोनं. बँकेत सोनेतारण शेकडा पाऊण ते एक. सोन्यावर कर्ज देणाऱ्या खासगी कंपन्यांत दीड-दोनवरही जातं. म्हणून पाटी बघून आत शिरू नका, दोन-तीन ठिकाणी विचारा. ४० हजार, वर्षाला १० टक्के, सहा महिने: व्याज २,०००. कार्डावर एवढं सव्वा महिन्यात जातं. रिझर्व्ह बँकेच्या १ एप्रिल २०२६ पासूनच्या नियमांत अडीच लाखांपर्यंतच्या कर्जाला सोन्याच्या किमतीच्या ८५ टक्क्यांपर्यंत रक्कम मिळू शकते. मिळते म्हणून घेऊ नका. आजच्या भावानं ४० हजाराला एक तोळासुद्धा लागत नाही. मी एकच पाटली ठेवली, गंठण घरीच राहिलं. व्याज दरमहा भरा, शेवटी एकदम भरू म्हणाल तर तो दिवस डोक्यावर येऊन बसतो. कर्ज फिटल्यावर दागिना सात कामकाजाच्या दिवसांत हातात यायला हवा. उशीर त्यांच्याकडून झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई आहे. वजनाच्या पावतीवर खडा-मणी वजा करून निव्वळ वजन लिहिलंय ना, ते तिथल्या तिथे बघा.

सावकाराचं दोन वाक्यांत. महाराष्ट्राच्या २०१४ च्या कायद्यानं परवाना लागतो आणि बिगरशेती विनातारण कर्जाला वर्षाला १८ टक्के ही कमाल आहे, म्हणजे शेकडा दीड; पाच-दहा मागणारा बेकायदा आहे, तक्रार सहकार खात्याच्या सहायक निबंधकांकडे. भाजीवाल्यांना मिळणारं "नऊशे हातात, रोज दहा, शंभर दिवस" हे सोपं वाटतं, पण वर्षाच्या हिशेबानं ते ऐंशी टक्क्यांच्या घरात पोचतं.

मोबाइलवरच्या ॲपचा शेकडा काढला तर पेन खाली पडेल. दहा हजार मंजूर, हातात ८,२००, पंधरा दिवसांत दहा हजार परत. पंधरवड्याला जवळजवळ २२ टक्के, महिन्याला शेकडा चाळीसच्या वर. आणि हे माणसं वीजबिल भरायला घेतात, ज्याचा शेकडा सव्वा! घ्यायचंच असेल तर ॲपमागची बँक किंवा वित्तसंस्था कोण, हे रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावरच्या यादीत तपासा. पैसे त्या संस्थेकडून थेट तुमच्या खात्यात यायला हवेत, सगळा खर्च धरलेला वार्षिक दर कागदावर हवा, आणि फोनमधले नंबर किंवा फोटो मागितले तर तिथेच बंद करा. नातेवाइकांना फोन करून बदनामीची धमकी आली तर १९३० या सायबर हेल्पलाइनला कळवा.

एवढं करूनही एक प्रश्न उरतो: तारण ठेवावं की मोडावं? पैसा परत येणार असेल, कुणाकडे अडकलेलं आपलं बिल निघणार असेल, ओव्हरटाइम सुरू होणार असेल, तर ठेवा. येणारच नसेल तर ठेवणं म्हणजे व्याज भरून लिलावाची वाट बघणं. मग मोडलेलं बरं. गोदावरीला पाणी चढलं की सराफ बाजारातले लोक नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघतात. पाणी मूर्तीच्या कमरेला असतानाच माल हलवतात, गळ्याला लागेपर्यंत थांबत नाहीत.

सातव्या महिन्यातही ओव्हरटाइम आला नाही. पाटली सोडवायला मी बोटातली दोन वेढणी मोडली. सराफ बाजारात तीन दुकानं फिरले. पहिल्यानं घट जास्त धरली, दुसऱ्याचा काटा मला दिसेल असा नव्हता. तिसऱ्यानं काटा माझ्याकडे फिरवून ठेवला आणि म्हणाला, "ताई, तुम्हीच वाचा."