इंग्रजी मीटर आणि प्रीफिक्सचा ऑनलाइन कोर्स: अर्धा झकास, अर्धा घोकंपट्टी

नाव मुद्दाम देत नाही, कारण थोडं वाकडं बोलणार आहे. कोर्सचे दोन भाग: मीटर म्हणजे इंग्रजी कवितेचं वृत्त, आणि प्रीफिक्स म्हणजे शब्दाच्या आधी लागणारे उपसर्ग.

आधी चांगलं. मीटरचा भाग एक नंबर! आपल्याला वृत्त म्हटलं की लघु-गुरू मोजायची सवय, मग इंग्रजी कवितेतही आपण र्‍हस्व-दीर्घ शोधत बसतो आणि काहीच जुळत नाही, कारण तिथे सगळा खेळ जोर कुठल्या सिलेबलवर, म्हणजे शब्दाच्या एका दमात उच्चारल्या जाणाऱ्या तुकड्यावर, पडतो त्याचा आहे. हे त्यांनी पहिल्याच व्हिडिओत क्लिअर केलं. मग आयॅम्बिक पेंटामीटर, म्हणजे आधी हलकं मग जोरात अशा पाच जोड्या, एकूण दहा सिलेबल. शेक्सपिअरची 'शॅल आय कम्पेअर दी टू अ समर्स डे' ही ओळ टेबलावर बोटं आपटत म्हणायला लावतात. सर ती एकदा 'आय'वर जोर देऊन वाचतात, एकदा 'शॅल'वर, दोन्ही चालतं पण सूर बदलतो, पहिल्यात 'मी' करू का आणि दुसऱ्यात करू की नको. मजा आली राव. उलटा प्रकार ट्रोकी, त्याला ब्लेकची वाघावरची कविता, ओळीची सुरुवातच दणक्यात.

पेंटा (पाच), टेट्रा (चार), हेक्सा (सहा) हे ग्रीक प्रीफिक्स मीटरच्या नावातच आहेत, तिथून दुसरा भाग मस्त सुरू करता आला असता. पण नाही, थेट लिस्ट, पाठ करा. नकार देणाऱ्या 'इन'चं इम्पॉसिबलमध्ये 'इम', इल्लीगलमध्ये 'इल', इरेग्युलरमध्ये 'इर' का होतं तर म्हणे अपवाद! अहो अपवाद कसला, पुढच्या आवाजाशी जुळवून घेतंय ते, आपल्या संधीसारखंच, 'प' म्हणायला ओठ मिटतात म्हणून 'न'चा 'म' होतो. आणि इन्फ्लेमेबल म्हणजे पेट घेणारं, तिथे 'इन' नकार देतच नाही, हे तर सांगितलंच नाही, डब्यावर वाचून कोणी उलटा अर्थ घेतला म्हणजे?

सगळ्यात राग याचा आला की दोन्ही भाग जोडलेच नाहीत. रेकॉर्ड नाम असेल तर जोर 'रे'वर, क्रियापद असेल तर 'कॉर्ड'वर, प्रेझेंटचंही तेच. ओळीत असा शब्द आला की मीटरच सांगतं कुठला घ्यायचा. एवढं आयतं उदाहरण सोडून दिलं.

मीटरला साडेचार स्टार, प्रीफिक्सला दीड. कविता वाचायच्या असतील तर पहिला भाग नक्की घ्या, वेगळा मिळतो. सर्टिफिकेटची टेस्ट मात्र बहुतेक सगळी प्रीफिक्सच्या लिस्टवरच आहे.