गोल्फचा ड्रायव्हर: टायटॅनियमचा की कार्बनचा?

आमच्या संभाजीनगरात गोल्फच्या सरावाला उभं राहिलं की डोळे मिटूनही कळतं, कुणाच्या हातात कुठला ड्रायव्हर, म्हणजे लांब फटक्याची काठी, आहे. टायटॅनियम टण्णकन वाजतं, कार्बनचा आवाज ठप्प, दबका. मला टणत्कारच आवडतो, पण निवड नुसती कानावर करू नये.

खरा फरक वजनाचा. टायटॅनियम पाण्याच्या साडेचार पट जड, कार्बन फायबर जेमतेम दीड-पावणेदोन पट. टेलरमेड कंपनीने 2022 मध्ये 'स्टेल्थ' ड्रायव्हरचा फेस (चेंडूला लागणारी पुढची बाजू) कार्बनच्या 60 थरांचा केला आणि त्यावर पॉलियुरेथेन या प्लास्टिकचा पातळ थर दिला. फेसमध्ये वाचलेलं वजन हेडमध्ये, म्हणजे काठीच्या डोक्यात, मागे, खाली नेता येतं. मग चेंडू मधोमध नाही बसला तरी हेड कमी वळतं, फटका कमी भरकटतो. वेगात मात्र फार मोठी उडी नाही, कारण फेसच्या लवचिकतेला नियमांचीच मर्यादा आहे.

आपल्याकडे चेंडूला मुरमाची कच चिकटलेली असतेच. चेंडू पुसून घेतला नाही तर त्या पातळ थरावर ओरखडे उठतात. आणि मे महिन्यात कुठलाही ड्रायव्हर गाडीच्या डिकीत ठेवू नका, शाफ्टचा (दांड्याचा) गोंद ढिला होतो.

पहिलाच घेत असाल तर मी म्हणेन, फेस टायटॅनियमचा आणि हेडचा वरचा भाग कार्बनचा असलेला घ्या.